कलम तेविसाचे खोबरेकर

"तिथून नका येऊ, तिथे भिंत आहे," खोबरेकर म्हणाले, आणि मी उचललेला पाय मागे घेतला.

भिंत कुठेच नव्हती. खाली तिसऱ्या मजल्याची स्लॅब, वर चौथ्याची, मध्ये नुसते खांब आणि चहूकडून वारा. मुलुंड पूर्वेची मिठागरं थेट खाडीपर्यंत दिसत होती. जमिनीवर खडूच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या होत्या. एका ठिकाणी रेघ तुटलेली होती, ते दार. त्या दाराशी मी चपला काढल्या आणि आत गेलो. आत म्हणजे काय, होतो तिथेच, फक्त आता खोबरेकरांच्या हॉलमध्ये.

"बसा. हा कट्टा नाही, दिवाण आहे," ते विटांच्या चळतीकडे बोट करून म्हणाले. "बायकोला सांगून ठेवलंय, दिवाण खिडकीखालीच राहील."

दर रविवारी ते जोगेश्वरीहून इथे यायचे. फिरकीचा तांब्या, वर्तमानपत्र आणि रेघा पुसट झाल्या असतील तर खडू, एवढं सामान. पावसाळ्यात रेघा वाहून जायच्या, मग ते टेप लावून पुन्हा घर बांधायचे. ओळखीच्या कुणालाही आग्रहाने बोलवायचे, "आमच्या घरी या एकदा." लोक एकदा यायचे. मी मात्र पुन्हा पुन्हा जात राहिलो, कारण मी सेक्रेटरी होतो आणि त्यांच्या समोरच्या रेघा माझ्या होत्या.

आमच्या संस्थेचं नाव 'एकोपा सहकारी गृहनिर्माण संस्था (नियोजित)'. ऐंशी साली आम्ही सगळे एकत्र आलो तेव्हा कंसातला तो शब्द लवकरच जाईल असं वाटलं होतं. पुढे एकोपा गेला, कंस राहिला.

खोबरेकर फोर्टमधल्या एका जहाज कंपनीत नुकसानभरपाईच्या खात्यात होते. बंदरात साखरेची पोती भिजली, कापसाच्या गाठी फुटल्या, की जहाजवाला म्हणायचा माझा दोष नाही आणि मालवाला म्हणायचा तुझाच. अशी भांडणं कोर्टात न जाता लवादापुढे मिटताना त्यांनी नोकरीभर पाहिली होती. ते फार रंगून सांगायचे. "एक टेबल, तीन खुर्च्या. दोघे भांडणार, तिसरा ऐकणार. हा लवाद. दुपारचा चहा यायच्या आत निवाडा. दोघे सही करतात, हात मिळवतात, संपलं. काळा कोट नाही, पट्टेवाला नाही, पुकारा नाही."

म्हणून कंत्राटदार बांदेकरांशी आमचा करार झाला तेव्हा खोबरेकरांनी हट्टाने त्यात कलम तेवीस घातलं. काही वाद झाला तर कोर्टात न जाता लवाद नेमावा, आणि त्याचा निवाडा दोघांनी मानावा. बाकीचे आम्ही टाइल्सचा रंग ठरवत होतो. ते कलम कुणी वाचलंसुद्धा नाही. खोबरेकरांनी ते सगळ्यांना उभं राहून वाचून दाखवलं आणि खाली बसताना एखाद्या बापाने बारशाला बघावं तसं त्या कागदाकडे बघितलं. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'कलम तेवीस'.

वाद झालाच. सिमेंट मिळेना, मिळालं तर परवडेना. बांदेकरांनी चौथ्या स्लॅबवर काम थांबवलं आणि दर वाढवून मागितले. आम्ही हादरलो. खोबरेकर एकटे खूश होते. "आता बघा," ते हात चोळत म्हणाले, "आता तेवीस कसं धावतं ते."

आणि धावलंही. घाटकोपरचे हळबे साहेब लवाद म्हणून नेमले गेले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, विधुर, कडक माणूस. त्यांनी दोन्ही बाजूंचे कागद तपासले, हिशेब मागितले, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी काम पाहायला स्वतः साइटवर आले. आमच्यातर्फे खोबरेकर आणि मी होतो. समोरून एकटे बांदेकर. वकील दोघांचेही नव्हते, खोबरेकरांना तेच हवं होतं.

हळबे साहेबांनी मजला न् मजला पाहिला, खांब ठोकून पाहिले, घामाने निथळले. उतरायला लागले तेव्हा खोबरेकरांनी डबा पुढे केला. वहिनींनी, म्हणजे खोबरेकरांच्या बायकोने, पहाटे उठून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी करून दिली होती. मालवणच्या माणसाच्या घरी, भले भिंती नसलेल्या घरी, माणूस भर दुपारी आला आणि उपाशी गेला असं होऊच शकत नाही. डबा चौघांचा होता.

"बांदेकर, बस रे," खोबरेकर म्हणाले.

बांदेकर त्यांच्याच गावाकडचे. त्यांनी हात जोडले. "काका, माका आज सोमवार. तुमी जेवा."

ते खांबाला टेकून बिडी ओढत राहिले. हळबे साहेब आधी नको म्हणाले, मग खोबरेकरांनी पान वाढल्यावर बसले. उठताना एवढंच म्हणाले, "घरचं वाटप घातलेली आमटी बऱ्याच वर्षांनी खाल्ली. वहिनींना सांगा."

पाऊस सुरू व्हायच्या आत निवाडा आला. ठरलेल्या दरातच बांदेकरांनी इमारत पुरी करावी. खोबरेकरांनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

मग कळलं की निवाडा मिळणं म्हणजे काहीच मिळणं नव्हे. कायदा असा की लवादाचा निवाडा कोर्टात दाखल करायचा, कोर्टाने त्याचा हुकूमनामा करायचा, आणि तोवर समोरच्याला हरकत घेता येते. लवादाने गैरवर्तन केलं, असं नुसतं म्हटलं तरी पुन्हा सुनावणी. बांदेकरांच्या वकिलाने तेच म्हटलं. लवादाने एका पक्षकाराच्या हातचं जेवण घेतलं, दुसरा पक्षकार तिथे उपाशी उभा असताना.

खोबरेकर बांदेकरांना गाठायला भांडुपला गेले. मीही बरोबर होतो. बांदेकर मान खाली घालून बसले. "काका, मिया काय करू? वकिलान लिवल्यान, मिया सही केलंय. माका इंग्लिश खय वाचूक येता?"

"पण तू उपाशी होतास तो सोमवार होता म्हणून. ते लिहिलं का त्याने?"

"ता खय लिवतलो तो," बांदेकर म्हणाले. त्यांनी आम्हाला चहा दिला. खोबरेकरांनी तो घेतला नाही. मी घेतला, आणि घोटागणिक मला चोरट्यासारखं वाटत राहिलं. मला असं बऱ्याच गोष्टींत वाटतं, पण तो चहा अजून आठवतो.

त्या दिवसापासून खोबरेकरांनी लवादाचा कायदा सुधारायला घेतला.

थट्टा नाही. हा कायदा इंग्रज जायच्या आधीचा, ते म्हणायचे, आणि इंग्रजांनी आपला स्वतःचा केव्हाच बदलला. "सेक्रेटरी, तुम्हीच सांगा. कोर्ट नको म्हणून आपण तिसऱ्याकडे गेलो. तिसऱ्याने निकाल दिला. कायदा म्हणतो, शाबास, आता तो निकाल घेऊन कोर्टात या. अरे, मग आम्ही तिथे काय वारा खायला गेलो होतो?"

त्यांची सुधारणा दोन ओळींची होती. लवादाचा निवाडा हाच हुकूमनामा समजावा. लबाडी सिद्ध झाली तरच कोर्टाने हात घालावा, एरवी नाही. या दोन ओळी त्यांनी मंत्र्यांना पाठवल्या, कायदा आयोगाला पाठवल्या, वर्तमानपत्रांना पाठवल्या. भाजीवाल्यालाही ऐकवल्या. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असताना दाताच्या डॉक्टरला समजावल्या. डॉक्टर माझ्या ओळखीचा, तो मला म्हणाला, "काय बोलत होते ते कळलं नाही, पण फार तळमळीने बोलत होते."

एका गणपतीच्या मंडपात आमचे खासदार आले होते. खोबरेकर गर्दी कापत पुढे गेले आणि त्यांनी आरतीच्या ताटासमोरच सुरुवात केली. खासदारांनी सगळं शांतपणे ऐकलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होईल, काका. पुढच्या आठवड्यात पाइप टाकतायत."

"मी पाण्याचं बोललोच नाही," खोबरेकर बाहेर आल्यावर म्हणाले.

"त्यांना सगळे पाण्याचंच बोलतात," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तोही दोष कायद्यालाच देऊन मोकळे झाले. एक जरी लवाद नीट चालला असता तर लोकांना पाण्यासाठी खासदाराकडे जावं लागलं नसतं, असं काहीतरी लांबचं गणित त्यांनी मला स्टेशनपर्यंत सांगितलं.

पुढे त्यांच्या मसुद्यात तिसरी ओळ आली. 'लवादाला जेवू घातल्यास ते गैरवर्तन समजू नये.' मला हसू आलं. ते हसले नाहीत.

ही सगळी वर्षं ते जोगेश्वरीला थोरल्या भावाच्या दोन खोल्यांत राहत होते. एका खोलीत मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे वहिनींचा स्टोव्ह, पलीकडे थोरल्या जावेचा. दोघींचं बोलणं बंद होतं, कशावरून ते दोघींनाही आठवत नसावं. गावच्या माणसांची भांडणं सोडवणारे खोबरेकर त्या पडद्याजवळ आले की आवाज खाली आणायचे. वहिनी लग्न होऊन त्या खोलीत आल्या होत्या. दार आतून लावायचं तर सगळ्यांना विचारावं लागायचं. वहिनींना घर द्यायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. बाकी कायदा वगैरे त्याच्याच पोटातला, हे मला उशिरा कळलं.

हळबे साहेबांकडे मात्र ते महिन्यातून एकदा घाटकोपरला जायचे. एकदा मला घेऊन गेले. म्हातारा दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत होता. खोबरेकर खुर्चीच्या कडेवर बसले आणि तेच म्हणाले, जे बहुधा दर वेळी म्हणत असत. "साहेब, माझ्यामुळे तुम्हाला..."

"तुम्ही आधी नीट बसा," हळबे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "नोकरीत असताना कुठल्याही कंत्राटदाराचा चहा घेतला नाही मी. बायको म्हणायची, एवढं काय सोवळं. कुणी बोट दाखवलं नाही कधी. शेवटी आंबोळ्यांनी दाखवलं." ते हसले. हसण्याने खोकला आला. पुढच्या थंडीत ते गेले. कोर्टातल्या फाइलीत त्यांच्यावरचा आरोप तसाच पडून राहिला, कारण सुनावणीच झाली नव्हती.

मेलेल्या लवादाचं करायचं काय, यावर वकिलांमध्ये नवा वाद निघाला. तोवर आमच्यातले काही पन्नाशीचे साठीला पोहोचले. परब गिरणीत होते, संपात नोकरी गेली, मुलगी लग्नाची झाली. सगळे थकले. बांदेकरही थकले असावेत. त्यांनी निरोप पाठवला, नवीन दर द्या, वर्षभरात घरं देतो, कोर्टातलं सगळं मिटवू.

माझ्या खोलीत बैठक भरली. वकिलाने तयार केलेलं संमतीपत्र मी वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य असं होतं: लवादाने एका पक्षाचा पाहुणचार घेऊन गैरवर्तन केले हे उभयपक्षी मान्य असून त्याचा निवाडा रद्द समजावा. बांदेकरांचा वकील त्या वाक्यावर अडून होता. उद्या कुणी तोच निवाडा पुन्हा उकरून काढू नये म्हणून तो असा पुरायचा. करारावर सह्या करणाऱ्या प्रत्येक सभासदाची सही हवी, एक जरी कमी पडली तर बांदेकर विटेला हात लावणार नाहीत.

एकेकाने सही केली. मीही केली, तीन नंबरला. कागद खोबरेकरांपुढे गेला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि हळूच परत सरकवला.

"हे वाक्य काढा, मग करतो."

"नाही काढत तो," मी म्हटलं. "किती वेळा बोललो त्याच्याशी."

"मग नाही."

परब उसळले. "अहो खोबरेकर, आमची वाट लागली इथे. मेला माणूस, त्याला काय फरक पडणार? तुमच्या त्या निवाड्याची पूजा घालायची का आता?"

"निवाड्याचं मी काही म्हणत नाही. निवाडा मेला, जाऊ दे. पण हळबे साहेबांनी गैरवर्तन केलं, असं मी लिहू?"

"तुम्ही कुठे लिहिताय? वकिलाने लिहिलंय. तुम्ही फक्त सही करा ना."

"सही केली म्हणजे मीच लिहिलं."

परब उठून बाहेर गेले. मला खोबरेकरांचा राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला. इतकी वर्षं ज्याच्या कलमापायी आम्ही लटकलो, तो माणूस आता एका शब्दापायी पुन्हा लटकवतो आहे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी जोगेश्वरी गाठली. ते कामावरून यायच्या आत वहिनींना भेटायचं, त्यांच्याकडून दबाव आणायचा, असा माझा बेत होता. बेत चांगला नव्हता, हे मला गाडीतच कळत होतं.

वहिनी स्टोव्हवर भात टाकत होत्या. मी सगळं सांगितलं. घर वर्षात मिळेल, फक्त एक सही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"भावोजी, ते जेवण मी केलं होतं," त्या म्हणाल्या. "ते वाईट हेतूने वाढलं, असं लिहिलंय ना त्यात?"

"तसं नाही वहिनी. ती कायद्याची भाषा असते."

"मग आपल्या भाषेत काय होतं ते सांगा."

पडद्यापलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. वहिनींनी स्टोव्ह बारीक केला आणि अगदी हळू बोलल्या, "घर मला हवंय. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त हवंय. पण त्या माणसाने जेवून निरोप धाडला होता मला. त्याच्यावर हे लिहून मिळालेल्या घरात मी चूल कशी पेटवू?"

मी चहा न घेता निघालो.

रविवारी मी मुलुंडला गेलो. खोबरेकर त्यांच्या दिवाणावर बसले होते. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. संस्थेच्या सभासदत्वाचा राजीनामा. "मी सभासदच नाही, तर माझी सही लागत नाही," ते म्हणाले. "वकिलाला विचारून आलोय. तुम्ही बाकीचे मोकळे."

"आणि वहिनी?"

"तिनेच सुचवलं. मला नुसतं 'नाही' म्हणायचं सुचत होतं, हे नव्हतं सुचलं." थोडं थांबून म्हणाले, "लवाद म्हणून बसवायला हवं होतं तिला."

मी त्यांना परावृत्त करायला हवं होतं. मी कागद घेतला. तो घेताना पहिल्यांदा मला सुटका वाटली, आणि नंतर जे वाटलं ते अजून वाटतं.

इमारत झाली. वर्षात नाही, पण झाली. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर एका नवीन सभासदाला गेलं. नुकतं लग्न झालेला तरुण, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब. त्याला मागचं काही माहीत नव्हतं आणि आम्ही कुणी सांगितलं नाही. सगळ्यांचा गृहप्रवेश एकाच दिवशी ठरला, तेव्हा खोबरेकरांना बोलवायचं की नाही यावर आमची कुजबुज झाली. शेवटी मी पत्रिका घेऊन गेलो. मनातून मला वाटत होतं, ते येणार नाहीत.

ते आले. वहिनी नऊवारी नेसून आल्या होत्या. दोघे प्रत्येक घरात गेले. परबांकडे त्यांनी प्रसाद घेतला, माझ्याकडे स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला आणि दाब चांगला आहे म्हणाले. कायद्याचं एक अक्षर काढलं नाही. हे लिहितो आहे तेव्हाही कायदा जसाच्या तसा आहे. नवा येणार असं मधूनमधून छापून येतं.

मग ती दोघं समोरच्या दारात गेली. मी माझ्या उंबऱ्यातून पाहत होतो. नवी नवरी हिरव्या साडीत लगबगीने पुढे आली. तिच्या सासूने सांगून ठेवलं असणार, कारण वहिनींना पाहून ती एकदम उजळली.

"काकू, थांबा हं. आमच्या घरी आलेल्या पहिल्या सवाष्ण तुम्ही. तुमची ओटी भरते."

तिने पाट मांडला. वहिनी त्यावर उभ्या राहिल्या. नवरीने त्यांना हळदकुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. सवय नसल्याने थोडे तांदूळ खाली सांडले. वहिनींनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. नवरी वाकून पाया पडली तेव्हा आशीर्वाद द्यायला त्यांना हात मोकळा करता येईना.

"सुखाने राहा, बाळ," त्या म्हणाल्या.

खोबरेकर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते, मिठागरांकडे तोंड करून. वहिनींनी ओटी पदराच्या टोकात बांधली, गाठ मारली, आणि त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "चला, उशीर होईल."